विस्मृती : वार्धक्य की व्याधी? अल्झायमर संशोधनाच्या इतिहासातील एक रेषा

मराठीत 'साठी बुद्धी नाठी' अशी म्हण आहे. उर्दूत त्याच अर्थाने 'सठिया जाना' म्हणतात आणि हे क्रियापद तर सरळ साठ या आकड्यावरूनच तयार झाले आहे. 'म्हातारचळ' हा शब्दही याच कुळातला. दोन्ही भाषा ज्या घरांत नांदतात, त्या हैदराबाद-मराठवाड्याकडील घरांत आजोबांनी तोच प्रश्न चौथ्यांदा विचारला की यांपैकी कोणता ना कोणता शब्द कानी पडतो. बोलणाऱ्याच्या मनात दुष्टावा असतोच असे नाही. परंतु या शब्दांत एक निर्णय दडलेला असतो. स्मृती जाणे हा वयाचा दोष आहे, तो सर्वांना लागू आहे आणि म्हणून त्यात वैद्याला करण्यासारखे काही नाही, असा तो निर्णय होय.

वैद्यकशास्त्राने हा निर्णय कधी आणि कसा बदलला, हे पाहू गेल्यास एक चमत्कारिक गोष्ट आढळते. बदल सरळ झाला नाही. १९१० मध्ये शास्त्राने या विकाराला नाव दिले; पण ते देताना वयाची एक रेषा ओढली आणि रेषेपलीकडच्या वृद्धांना जवळजवळ सहा दशके 'साठी बुद्धी नाठी' याच सदरात ठेवले. ही रेषा कशी ओढली गेली आणि कशी पुसली गेली, हा या लेखाचा विषय आहे.

पोकळ्यांतील स्मृती

विस्मृतीला रोग मानून तिच्यावर स्वतंत्र लेखन करण्याची परंपरा जुनी आहे. दहाव्या शतकात कैरवान (आजचा ट्युनिशिया) येथील तबीब इब्न अल-जज्जार याने 'निसयान' म्हणजे विस्मरण आणि त्यावरील उपचार यांविषयी एक पुस्तिका लिहिली. पुढे ती लॅटिनमध्येही पोहोचली. इब्न सीनाच्या 'अल-कानून'मध्ये मेंदूच्या पोकळ्यांत वेगवेगळ्या शक्तींची स्थाने मानलेली आहेत. इंद्रियांनी आणलेली चित्रे पुढच्या पोकळीत गोळा होतात आणि 'हाफिजा' म्हणजे स्मरणशक्ती मागच्या पोकळीत राहते, अशी ही मांडणी होय. ती इब्न सीनाची एकट्याची नव्हे. चौथ्या शतकातील एमेसाच्या नेमेसियसकडे तिचे जुने रूप आढळते. बलगम वाढून थंडावा व ओलावा आला की मागच्या पोकळीचे काम बिघडते, हे तिचे उपचारातील तात्पर्य.

आज ही मांडणी चुकीची ठरली आहे, हे सांगणे सोपे आहे. तिच्यातील एक गोष्ट मात्र टिकली. स्मृतीला शरीरात ठिकाण असते आणि ते ठिकाण बिघडू शकते, हा तिचा गाभा आहे. चौदाव्या शतकाच्या अखेरीस शिराझच्या मन्सूर इब्न इल्यास याने फारसीत लिहिलेल्या शरीररचनेच्या ग्रंथात अस्थी, मज्जातंतू, स्नायू, शिरा व धमन्या यांची पूर्णाकृती चित्रे आहेत. पण मेंदूच्या आतील रचनेविषयी नवे सांगण्यासारखे त्या काळात कोणाकडेच नव्हते. १५४३ मध्ये व्हेसॅलियसने पोकळ्यांच्या सिद्धान्तावर नेमका प्रहार केला. जनावरांच्या मेंदूतही अशाच पोकळ्या आहेत. मग माणसाची बुद्धी त्यांतून कशी येईल, असा त्याचा सवाल होता. सिद्धान्त डळमळला, पण त्याच्या जागी ठेवण्यासारखे काही हाती आले नाही. त्यासाठी सूक्ष्मदर्शक आणि पेशींना रंग देण्याची रसायने हवी होती. ती एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जर्मन प्रयोगशाळांत मिळाली.

फ्रँकफुर्ट, नोव्हेंबर १९०१

२५ नोव्हेंबर १९०१ रोजी फ्रँकफुर्टच्या मनोरुग्णालयात ऑगस्टे डेटर नावाची एक्कावन्न वर्षांची स्त्री दाखल झाली. नवरा कार्ल रेल्वेत कारकून होता. प्रथम तिला नवऱ्याविषयी विनाकारण संशय येऊ लागला, मग स्वयंपाकात चुका होऊ लागल्या. वस्तू ठेवलेल्या जागा आठवेनात आणि आपल्याच घरात ती सैरभैर फिरू लागली. दुसऱ्या दिवशी डॉ. अलॉईस अल्झायमर तिच्यासमोर बसले. ते १८८८ पासून याच रुग्णालयात होते आणि पेशी रंगविण्याच्या पद्धतीमुळे पुढे नावाजलेले फ्रान्झ निस्ल हे तेथे त्यांचे सहकारी व मित्र होते.

अल्झायमर यांनी प्रश्न आणि उत्तरे जशीच्या तशी टिपली, हे या प्रकरणाचे वैशिष्ट्य आहे. नाव विचारले असता तिने 'ऑगस्टे' सांगितले. आडनाव विचारले, तेही 'ऑगस्टे'. नवऱ्याचे नाव विचारले, तेव्हा जरा अडखळून पुन्हा 'ऑगस्टे'च. जेवणाच्या ताटात मांस आणि फुलकोबी असताना आपण पालक खात आहोत असे ती म्हणाली. पेन्सिल, किल्ली, सिगार अशा वस्तू दाखविल्या तेव्हा तिने त्यांची नावे बरोबर सांगितली; थोड्या वेळाने कोणत्या वस्तू दाखविल्या हे मात्र तिला सांगता येईना. स्वतःचे नाव लिहायला दिले तर 'श्रीमती' या अर्थाचा जर्मन शब्द लिहून ती थांबली, पुढचे विसरली. आपण स्वतःला हरवून बसलो आहोत, अशा अर्थाचे उद्गार तिने काढल्याचीही नोंद आहे. भाषा शिकविणाऱ्यांनी ही उत्तरे लक्षपूर्वक पाहण्यासारखी आहेत. वस्तूंचे शब्द शाबूत, आताच घडलेले मात्र पुसलेले, आणि स्वतःच्या नावाने इतर सर्व नावांची जागा घेतलेली, असा हा क्रम आहे.

अल्झायमर पुढे हायडेलबर्गला आणि १९०३ मध्ये एमिल क्रेपेलिन यांच्याबरोबर म्यूनिकला गेले. परंतु फ्रँकफुर्टच्या त्या रुग्णाची खबर ते घेत राहिले. ८ एप्रिल १९०६ रोजी ऑगस्टे मरण पावली. तिचा मेंदू आणि कागदपत्रे म्यूनिकला पाठविण्यात आली. बिल्शोव्हस्की यांनी काही वर्षांपूर्वीच शोधलेल्या चांदीच्या रंजनपद्धतीने पातळ छेद रंगविले गेले, तेव्हा दोन गोष्टी दिसल्या. मेंदूच्या बाह्यकातील सुमारे पाव ते एक तृतीयांश चेतापेशींच्या आत जाड तंतूंचे गुंते झाले होते. काही ठिकाणी पेशी नाहीशी होऊन गुंता तेवढा उरला होता. आणि बाह्यकभर एका निराळ्या पदार्थाचे बारीक डाग विखुरलेले होते. या डागांना पुढे प्लाक हे नाव रूढ झाले.

३ नोव्हेंबर १९०६ रोजी ट्यूबिंगेन येथील मनोविकारतज्ज्ञांच्या सभेत अल्झायमर यांनी हे सर्व मांडले. श्रोत्यांपैकी कोणीही प्रश्न विचारला नाही. पुढच्या वर्षी छापलेला लेखही दोनेक पानांचाच होता.

या संशोधनाचे सर्व श्रेय एका व्यक्तीला देण्याची सवय पाठ्यपुस्तकांना लागली आहे. ती बरोबर नाही. मेंदूतील प्लाक १८९२ मध्येच ब्लॉक व मारिनेस्कू यांनी पाहिले होते. प्रागमधील ऑस्कर फिशर यांनी १९०७ मध्ये वृद्धापकाळातील स्मृतिभ्रंशाच्या सोळा रुग्णांचे मेंदू तपासून त्यांपैकी बारांत प्लाक दाखविले. रुग्णसंख्येच्या दृष्टीने हे काम अधिक भक्कम होते. फिशर ज्यू होते. त्यांची नोकरी गेली आणि १९४२ मध्ये तेरेझीनच्या नाझी बंदिवासात त्यांचा अंत झाला. त्यांचे नाव पुढची कित्येक वर्षे जवळजवळ कोणी घेतले नाही. दुसरे नाव सॉलोमन कार्टर फुलर यांचे. लायबेरियात जन्मलेले हे कृष्णवर्णीय डॉक्टर म्यूनिकमध्ये अल्झायमर यांच्या हाताखाली शिकले आणि अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधील रुग्णालयात त्यांनी याच विषयावर काम केले. गुंते व प्लाक यांचा एका स्वतंत्र रोगाशी नेमका संबंध जोडण्याची घाई करू नये, असा त्यांचा इशारा होता. तो इशारा ऐकला गेला असता तर पुढील इतिहास वेगळा झाला असता.

नाव आणि रेषा

१९१० मध्ये क्रेपेलिन यांच्या मनोविकारशास्त्राच्या पाठ्यपुस्तकाची आठवी आवृत्ती निघाली आणि तीत 'अल्झायमरचा रोग' हे नाव प्रथम आले. त्या वेळी हाती असलेले रुग्ण मूठभर होते. या रोगाचा वैद्यकीय अर्थ अजून स्पष्ट झालेला नाही, हे क्रेपेलिन यांनी स्वतःच लिहिले आहे. तरी नाव दिले. प्रागच्या प्रयोगशाळेशी असलेली स्पर्धा, किंवा मानसिक विकारांची मुळे शरीरात असतात हे फ्रॉइडपंथीयांना दाखविण्याची इच्छा, अशी कारणे इतिहासकार देतात. त्यांत एकमत नाही.

कारण काहीही असो, परिणाम स्पष्ट होता. क्रेपेलिन यांनी वृद्धत्वापूर्वी येणारा स्मृतिभ्रंश हा अल्झायमरचा रोग आणि वृद्धत्वात येणारा तो नुसता वार्धक्यातील स्मृतिभ्रंश, अशी विभागणी केली. साधारण पासष्ट वर्षे ही सीमा पुढे रूढ झाली. एक्कावन्नाव्या वर्षी सर्व विसरणारी ऑगस्टे रोगी. त्याच खुणा मेंदूत असलेली पंचाहत्तर वर्षांची स्त्री मात्र केवळ म्हातारी! खुद्द अल्झायमर यांना ही विभागणी पटली नव्हती. १९११ मध्ये दुसऱ्या एका रुग्णाविषयी लिहिताना, असे रुग्ण म्हणजे वार्धक्यातील स्मृतिभ्रंशाचेच अनियमित प्रकार असावेत, असे मत त्यांनी नोंदविले. १९१५ मध्ये ब्रेस्लाऊ येथे एक्कावन्नाव्या वर्षी ते वारले. नाव राहिले, शंका मागे पडली.

पुढची पन्नास वर्षे थोडक्यात सांगता येतात, कारण त्यांत फारसे घडले नाही. 'अल्झायमरचा रोग' हा दुर्मिळ विकार ठरला. वृद्धांच्या विस्मृतीचे खापर रक्तवाहिन्या कठीण होण्यावर फोडले गेले आणि रक्तवाहिन्या रुंदावणारी औषधे दिली गेली. अमेरिकेत डेव्हिड रॉथशिल्ड यांनी १९३०-४० च्या दशकांत स्वभाव व सामाजिक परिस्थिती यांवर भर दिला. त्यात तथ्य होते, पण मेंदूकडचे लक्ष आणखी कमी झाले. वृद्ध माणसे रुग्णालयांच्या मागच्या विभागांत पडून राहिली.

ही रेषा पुसण्याचे काम इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे सुरू झाले. ब्लेस्ड, टॉमलिन्सन आणि रॉथ यांनी वृद्ध रुग्णांच्या हयातीतच त्यांच्या स्मृतीचे व दैनंदिन व्यवहारांचे मोजमाप करून ठेवले आणि मृत्यूनंतर त्याच व्यक्तींच्या मेंदूतील प्लाक मोजले. १९६८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात दोहोंचा संबंध आढळला. जितके प्लाक अधिक, तितका स्मृतिभ्रंश तीव्र. फ्रँकफुर्टमध्ये एका स्त्रीच्या बाबतीत जे झाले होते, ते येथे पद्धतशीरपणे अनेकांच्या बाबतीत झाले, आणि ही माणसे वृद्ध होती. १९७६ मध्ये न्यूयॉर्कमधील रॉबर्ट कॅट्झमन यांनी एका छोट्या संपादकीयात निष्कर्ष मांडला : पासष्टच्या अलीकडचा व पलीकडचा असे दोन रोग नाहीत, रोग एकच आहे आणि म्हणून तो मृत्यूच्या मोठ्या कारणांपैकी एक आहे. एका संपादकीयाने दुर्मिळ विकार लक्षावधींचा विकार झाला. अमेरिकेत १९७४ मध्ये वार्धक्यासाठी स्वतंत्र राष्ट्रीय संस्था स्थापन झाली होती. तिला निधी मिळविण्यासाठी एखादा ठळक रोग हवा होता, हेही खरे. विज्ञान आणि अनुदान यांचे असे जुळणे नवे नाही.

औषधांचा पाठलाग

रोग म्हटला की औषध आले. १९७६-७७ मध्ये ब्रिटनमधील तीन गटांना या रुग्णांच्या मेंदूत ॲसिटिलकोलिन हे संदेशवाहक रसायन तयार करणारे विकर फार कमी असल्याचे आढळले. हे रसायन टिकवून धरावे, म्हणजे स्मृती टिकेल, असा तर्क निघाला. १९८६ मध्ये अवघ्या सतरा रुग्णांवरील टॅक्रिनच्या चाचणीने मोठी आशा निर्माण केली. पुढे अमेरिकी नियामक यंत्रणेने तिच्या नोंदींवर आक्षेप घेतले. तरी १९९३ मध्ये टॅक्रिनला मान्यता मिळाली आणि यकृताला होणाऱ्या अपायामुळे ते मागेही पडले. १९९६ मध्ये आलेले डोनेपेझिल अधिक सुरक्षित ठरले. ते जपानमध्ये हाचिरो सुगिमोतो यांच्या गटाने तयार केले; सुगिमोतो यांच्या आईलाच स्मृतिभ्रंश झाला होता. ही औषधे काही काळ लक्षणे सौम्य करतात, रोगाची वाटचाल थांबवीत नाहीत.

दुसरा मार्ग प्लाककडे वळला. १९८४ मध्ये ग्लेनर व वाँग यांनी अमायलॉइड या प्रथिनाची रचना उलगडली, १९९१ मध्ये लंडनमधील गटाला एका कुटुंबात त्याच्याशी संबंधित जनुकीय दोष सापडला आणि १९९२ मध्ये हार्डी व हिगिन्स यांनी अमायलॉइड हेच मूळ कारण अशी उपपत्ती मांडली. मग ते काढून टाकायचे प्रयत्न सुरू झाले. पहिली लस घेणाऱ्यांपैकी सुमारे सहा टक्क्यांना मेंदूचा दाह झाल्याने २००२ मध्ये चाचणी थांबवावी लागली. २०२१ मध्ये ॲड्युकॅनुमॅबला अमेरिकेत मान्यता मिळाली, तीही तज्ज्ञ सल्लागारांच्या प्रतिकूल मतानंतर. तीन सल्लागारांनी राजीनामे दिले आणि २०२४ मध्ये कंपनीने ते औषधच सोडून दिले. २०२३ मध्ये लेकॅनेमॅबला पूर्ण मान्यता मिळाली. १,७९५ रुग्णांवरील दीड वर्षाच्या चाचणीत ऱ्हासाचा वेग २७ टक्क्यांनी कमी झाला, हा आकडा वृत्तपत्रांत गाजला. अठरा गुणांच्या मोजपट्टीवर मात्र हा फरक अर्ध्या गुणाहूनही कमी होता, आणि औषध घेणाऱ्यांपैकी सुमारे बारा-साडेबारा टक्क्यांच्या मेंदूत सूज दिसली. दोन्ही आकडे खरे आहेत. रुग्णाच्या मुलाला डॉक्टर त्यांपैकी कोणता आधी सांगतात, यावर बरेच अवलंबून राहते.

प्लाक आणि विस्मृती यांचे नाते न्यूकॅसलमध्ये दिसले तितके सरळ नाही, हेही याच काळात कळले. अमेरिकेत डेव्हिड स्नोडन यांनी ६७८ ख्रिस्ती जोगिणींचा अभ्यास केला. त्यांपैकी अनेक जणी आयुष्यभर शिक्षिका होत्या आणि सर्वांनी मृत्यूनंतर मेंदूदानास संमती दिली होती. काहींच्या मेंदूत भरपूर खुणा असूनही त्यांची बुद्धी अखेरपर्यंत शाबूत होती. विशी-बाविशीत या स्त्रियांनी लिहिलेली आत्मवृत्ते दप्तरात जपलेली होती. ज्यांच्या त्या लेखनात वाक्यागणिक कल्पनांची दाटी अधिक, त्यांना उतारवयात हा रोग कमी आढळला. १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेला हा निष्कर्ष भाषा आणि मेंदू यांच्या संबंधाकडे बोट दाखवितो.

भारतातील प्रश्न

भारतात पहिली अडचण प्रश्नांचीच होती. १९७५ मध्ये अमेरिकेत तयार झालेली आणि जगभर वापरली जाणारी स्मृतिचाचणी रुग्णाला वाक्य लिहायला लावते, वाचायला लावते, शंभरातून सात-सात वजा करायला सांगते. शाळेचे तोंड न पाहिलेली शेतकरी स्त्री या चाचणीत सहज 'रोगी' ठरेल. १९९० च्या दशकात हरियाणातील बल्लभगढ येथील भारत-अमेरिका संयुक्त अभ्यासात लिहिण्या-वाचण्यावर अवलंबून असलेले प्रश्न बदलून हिंदी चाचणी तयार करण्यात आली. नुसते भाषांतर केले नाही, प्रश्नच नव्याने घडविले, हे या कामाचे मोल. त्या खेड्यांत अल्झायमरचे प्रमाण जगात नोंदल्या गेलेल्या सर्वांत कमी प्रमाणांपैकी एक आढळले. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीचा अंदाज मात्र बराच मोठा आहे. साठ वर्षांवरील ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख भारतीयांना स्मृतिभ्रंश आहे. या दोन आकड्यांतील अंतर केवळ काळाचे नाही. वयाची अट, चाचणीची पद्धत आणि प्रदेश वेगळे आहेत, शिवाय पहिला आकडा एका रोगाचा आणि दुसरा सर्व प्रकारच्या स्मृतिभ्रंशाचा आहे.

हैदराबादच्या निजाम्स इन्स्टिट्यूट ऑफ मेडिकल सायन्सेसमधील स्मृतिचिकित्सालयात डॉ. सुवर्णा अल्लादी व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेले काम याहून वेगळ्या प्रकारचे आहे. स्मृतिभ्रंश झालेल्या ६४८ रुग्णांच्या नोंदी त्यांनी तपासल्या. एकच भाषा बोलणाऱ्यांच्या तुलनेत दोन भाषा बोलणाऱ्यांत लक्षणे सरासरी साडेचार वर्षे उशिरा सुरू झाली होती, असा निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. असा दावा २००७ मध्ये टोरांटोतून आला होता. पण तेथील द्विभाषक बहुतांशी परदेशांतून आलेले, त्यामुळे फरक भाषेचा की स्थलांतराचा, ही शंका राहिली. हैदराबादेत ही अडचण नव्हती. तेथे तेलुगू बोलणारा दुकानदार उर्दू बोलतो आणि उर्दू बोलणारा तेलुगू, तेही पिढ्यान्‌पिढ्या. निरक्षर रुग्णांतही हा फरक दिसला, म्हणजे तो शाळेचा परिणाम म्हणून झटकता येत नाही. दोनहून अधिक भाषांचा वेगळा लाभ मात्र आढळला नाही.

बेळगाव, हैदराबाद, इंदूर अशा शहरांतील बहुभाषक वाचकाला हा निष्कर्ष सुखावणारा आहे, आणि म्हणूनच तो जपून वाचला पाहिजे. हे सर्व लोक रुग्णालयापर्यंत पोहोचलेले रुग्ण होते. लक्षणे केव्हा सुरू झाली, हे नातेवाइकांच्या आठवणीवरून ठरले. निरोगी माणसांना वर्षानुवर्षे न्याहाळून केलेल्या इतरत्रच्या काही अभ्यासांत असा लाभ दिसलेला नाही. लक्षणे उशिरा येणे म्हणजे रोग टळणे नव्हे, हेही अभ्यासात स्पष्ट आहे.

ऑगस्टे डेटरची फाईल पुढे अनेक वर्षे बेपत्ता होती. डिसेंबर १९९५ मध्ये कोनराड मौरर व त्यांच्या सहकाऱ्यांना ती फ्रँकफुर्ट विद्यापीठाच्या दप्तरात सापडली, तिने अर्धवट लिहिलेल्या नावासकट. पाठोपाठ म्यूनिकमध्ये तिच्या मेंदूच्या छेदांच्या काचाही मिळाल्या आणि नव्वद वर्षांनंतर प्रश्नोत्तरे व पेशी पुन्हा शेजारी ठेवून पाहता आली. हैदराबादच्या त्या ६४८ जणांच्या बाबतीत प्रश्नोत्तरे आहेत, तपासण्यांचे अहवाल आहेत. निष्कर्ष मात्र मेंदूच्या छेदांवर उभे नाहीत. कोणाच्या मेंदूत किती प्लाक होते आणि दोन भाषांनी त्यांच्याशी किती काळ झुंज घेतली, हे त्यांवरून सांगता येत नाही. बंगळुरूच्या निम्हान्समध्ये १९९५ पासून मेंदूपेढी चालते. मृत्यूनंतर मेंदू दान करण्यास तयार होणारी कुटुंबे आपल्याकडे अजून थोडीच आहेत.